एकच व

बँकेतल्या मुलाने स्क्रीन माझ्याकडे वळवला.
मॅडम, पाचशे बारा. एवढ्यावर लोन होत नाही.
मला आधी तो टोकन नंबर वाटला.

मग त्याने बोटाने खाली सरकवत दाखवलं:
मालवाहू टेम्पो, पत्ता मांजरी बुद्रुक,
चौदा हप्ते थकीत, खातं बुडीत.
मी सायकलखेरीज काही चालवलेलं नाही.
कर्ज म्हणाल तर एकदाच, फ्रीजचं,
आणि त्याचा हप्ता पाच तारखेचा चारलाच जायचा.

मी प्रमिला वाघचौरे.
नारायण पेठेतल्या छापखान्यांची मुद्रितं तपासते, सव्वीस वर्षं.
लग्नपत्रिका, गाईडं, दोन शब्दकोश,
एका माजी आमदारांचं आत्मचरित्र
(त्यात तपासण्यासारखं खूप होतं, मी फक्त वेलांट्या पाहिल्या).
दिन आणि दीन यांच्यातलं अंतर
लाल शाईने राखत आले.

चूक सापडायला चार मिनिटं लागली.
तिचं आडनाव डब्ल्यूने सुरू होतं, माझं व्हीने.
बाकी सगळं सारखं, जन्मसालसुद्धा.
मराठीत आम्ही दोघी एका अक्षरात मावतो.
आयुष्यात पहिल्यांदा वाटलं,
मुळाक्षरांत अजून एक व असता तर बरं झालं असतं.

एका अक्षराने काय होतंय, म्हणाले साहेब,
आणि जेवायला उठले.

मग अर्ज. मग आधारची झेरॉक्स, पॅनची झेरॉक्स,
मग अर्ज मिळाला नाही म्हणून तोच अर्ज.
शिवाजीनगर कोर्टाबाहेर, छत्रीखालच्या टायपिस्टकडे
सत्यप्रतिज्ञेवर लिहून दिलं
की सदर प्रमिला मी नाही.
त्याच्या कागदावर 'नाही' पुढच्या ओळीत गेला होता.
मी तो ओढून मागे आणायला लावला.
लोक अर्धीच ओळ वाचतात.

संध्याकाळी साडेसातला वसुलीवाल्याचा फोन.
ताई, कधी भरताय?
अहो, तुमचा व चुकलाय.
सगळे असंच काहीतरी सांगतात ताई.

धायरीतली दीड खोली एकवीस दिवस थांबली.
खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसायचा,
मी तिथे रोपं कुठे ठेवायची तेही ठरवलं होतं.
मग ती दुसऱ्या कुणाची झाली.
एक्कावन्न हजारांतले अकरा परत आले,
बिल्डरच्या शब्दांत, माणुसकी म्हणून.

अडुसष्टाव्या दिवशी मेसेज.
तुमच्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.
सातशे चौऱ्याहत्तर.
कुठे खोडल्याची रेघ नाही, समासात खूण नाही.
आमच्या धंद्यात चूक झाली तर
शेवटच्या पानावर तरी कबूल करतात.
इथे असं कोरं, जणू मीच दोन महिने
रिकाम्या काउंटरशी भांडत होते.

त्या संध्याकाळी फोन आला नाही.
साडेसातला मी सवयीने मोबाईल जवळ घेऊन बसले.
मांजरीत वाजला असेल.
टेम्पो चालवायचा कोण, आजारी कोण पडलं, काही माहीत नाही.
तिच्या अहवालातून, जो माझा होता तोवर,
मला एवढंच कळलं होतं
की सातव्या हप्त्यापर्यंत तीही पाच तारखेच्या आतच भरायची.

लतीफ आतारांकडे खिळ्यांचा एक खोका अजून आहे,
भंगारात द्यायचा राहून गेलेला.
म्हटलं, लतीफभाई, एवढं जुळवून द्या:
शुद्धिपत्र. पासबुक, पान पहिलं.
अशुद्ध: बुडीत.
शुद्ध: प्रमिला वाघचौरे.

किती प्रती?
एकच.

चष्मा कपाळावर सारून ते खोका उपसत बसले.
व सापडेना.
खाली दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला तेव्हा मिळाला,
डोकं जरा झिजलेला.
चालेल का?
चालेल, म्हटलं.