रात्रपायी

सावद्याच्या दवाखान्यात पहाटे तीनला
कुणी अत्यवस्थ नसेल तर फार काम नसतं.
रमलत सिस्टर सलाईनच्या रिकाम्या खोक्यावर
तिची अक्षरं काढते, मी माझी.
माझी म्हणजे कुताइसीची.
सहा वर्षं तिथे डॉक्टरकी शिकले, म्हणून माझी.

दोन्ही गोल. दोन्हींच्या डोक्यावर रेघ नाही.
आपली अक्षरं दोरीवर वाळत घातलेली असतात,
ही दोरी तुटून अंगणात पडलेली.
सिस्टर सांगते, ताडाच्या पानावर सरळ ओढलं तर
पान फाटायचं, म्हणून हात वळवत नेला.
आणि तिकडची? लामारा, माझी घरमालकीण, म्हणायची
द्राक्षाच्या वेलीकडून शिकलो.
ती घरीच दारू गाळायची, तिचं किती धरायचं.
मंगलामावशी पोछा मारता मारता बघून गेली:
"दोन्ही चकल्याच ना?"

पण वाचायला घेतलं की गंमत.
मी म्हणाले, एक शब्द ऐक: ग्व्फ्र्त्स्क्व्नि.
आठ व्यंजनं, शेवटी एकटी इ,
यावल-चोपडा काळीपिवळीत
सगळ्यांच्या मागे लोंबकळणाऱ्या पोरासारखी.
सिस्टर हसून हसून स्टुलावरून घसरली.
तिच्या भाषेत दर दोन पावलांवर स्वर बसलेला असतो,
पाण्याचा माठ घेऊन.
"अर्थ काय याचा?"
तू आम्हाला सोलतोस.
"असं कोण कुणाला म्हणतं?"
कुणीच नाही. परदेशी पोरांना घाबरवायला ठेवलाय.

मग मी तिला तो क शिकवला,
घशाच्या तळातून बाटलीचं बूच निघावं तसा.
तिला दोनदा जमला, तिसऱ्यांदा ठसका लागला.
आणि तिने मला तिचं ते अक्षर शिकवलं,
ळ च्या वाटेने निघून र च्या दाराशी उभं राहणारं,
जीभ कुठेच न टेकवता.
पाऊस, नदी, फळ, सगळ्यांत तेच.
आणि केळ. वाऴा.

मला नाही जमलं.
मी म्हटलं, वाया.

सिस्टर गप्प झाली.
"आमची उम्मा असंच म्हणते. मळा नाही, मया.
तिरूरकडे सगळेच.
कोट्टयमला नर्सिंगला गेले तर पोरी तोंडावर हसल्या.
आरशासमोर सहा महिने जीभ वळवली."

मी पुण्यात दोन वर्षं, तिला सांगितलं.
शाया नाही, शाळा. डोया नाही, डोळा.
आडनावसुद्धा, घरी भंगाये, कॉलेजात भंगाळे,
लामाराकडे बंगाले.

लामारा एकदा ओरडली, तुझ्या मामाचा फोन!
मी धावले, तर दादा बोलत होते.
तिकडे मामा म्हणजे बाप,
आई म्हणजे देदा.
हसले खूप. मग आठवलं,
सहाही वर्षांची फी फैजपूरच्या मामानेच भरली होती.
हे सिस्टरला सांगितलं नाही.

चार नंबरचे झिपरूबाबा जागे झाले.
"कोन्ती भाषा बोलू राह्यल्या व तुम्ही?
झोपू द्या ना मानसाले."
आणि लगेच, "केयी सोल एखांदी."
परवापर्यंत पेजेवर होते,
आता सालासकट मागतात.

मी सोलत होते, तर विचारलं,
"तू गेल्ती तिकडं केयीले काय म्हन्ता?"
बनानी, बाबा.
"बनानी?"
त्यांनी अर्धी केयी हातात तशीच धरली.
"हे तं साहेबाचंच झालं.
येवढ्या लांब जाऊन त्याहीचा सोताचा शब्द नाही?"

तिथे बागाच नाहीत बाबा. बर्फ पडतो.

बराच वेळ चावत राहिले.
मग सिस्टरकडे हनुवटी केली. "आन् हिच्याकडं?"

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं.
आरसा, सहा महिने, कोट्टयम,
सगळं बाजूला ठेवून म्हणाली,
"वाया."

"हां," बाबा म्हणाले,
"हे आपल्यातलं वाटते."
आणि साल माझ्या हातात दिलं.