डावा गुडघा

इंडियानात, मक्याच्या शेतांमधून
पाव मैलाची सरळ रेघ.
ऑक्टोबर. ऊन उतरलं की डांबरही आखडतं,
म्हणून रॉस्को टिबेट्स
मागच्या टायरांतली हवा पुन्हा मोजतो,
अर्धा पौंड सोडतो. ऐकतो.

पाण्यात चाकं फिरवून झाली,
धुराला जळक्या रबराचा गोडसर वास.
रांगेत बाकी सगळ्या ऑटोमॅटिक;
त्यांना पाय एकच पुरतो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, क्लच विसरा आता.
नेडीनने मान हलवली होती,
कुणाच्या बाजूने ते कळलं नाही.

काटा पाच हजारांवर. गाडी थरथरते
दावं ताणलेल्या खोंडासारखी.
एकदम सोडला तर चाकं नुसतीच भिरभिरणार,
फार जपून सोडला तर क्लच जळणार.
मधे कुठेतरी बोटभर जागा आहे,
ती त्या गुडघ्यालाच ठाऊक,
अर्धा हाडाचा, अर्धा स्टीलचा.

पिवळा.

सोडला.

टायरांच्या कुशीला सुरकुत्या पडल्या,
रस्ता धरला,
आणि बॉनेट आभाळाकडे.

शर्यत तो हरलाच. तिसऱ्या गिअरला हात चुकला.
पण चिठ्ठीवर पहिले साठ फूट: दीड सेकंद.
नेडीनने ती घडी घालून
गोळ्यांच्या डबीत ठेवली.