आतली बाजू

म्हापशात मी कवळ्या बनवतो. लोकांच्या हिरड्यांचे साचे
दिवसभर माझ्या टेबलावर आ वासून असतात.
त्यामुळे सवयच लागली आहे,
कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघायची.

हेल्मेट मिळालं ते पर्वरीच्या एका गॅरेजात,
बॅटऱ्यांच्या खोक्याखाली. सिनेमा शहाऐंशीचा,
दोन आठवडे चालला, मग कुणी नाव काढलं नाही.
मंगळावरचा कप्तान, वागातोरच्या लाल कातळावर धावणारा.
व्हिडिओ कॅसेट थांबवून थांबवून
मी डाव्या भुवईवरचा ओरखडा मोजला:
पडद्यावर आहे, हातातल्यावरही आहे,
शेवटी तसाच जरा खाली वळलेला.
म्हणजे हेच ते.

मग प्रश्न एवढाच, कसं केलं.

बाहेरून सोपं. फायबरचे तीन थर, वर लांबी,
त्यावर चंदेरी रंग, ब्रशने मारलेला, घाईत.
कानांवरचे दिवे ट्रॉलरचे, डावा लाल, उजवा हिरवा.
लहानपणी वाटायचं, ही मंगळाची काही खूण.
बेतीच्या धक्क्यावर मिंगेल हसला.
म्हणाला, काळोखात बोट कुठल्या कुशीने येते
ते कळायला नको?

आत मात्र
बोटाला कडा लागत होत्या. बारीक, गोल गोल,
एकीखाली एक, माथ्यापासून मानेपर्यंत.
कुणी म्हणालं सुरकुत्या, रेझिन आटलं की पडतात.
पण सुरकुती अशी शिस्तीत चालत नाही.
आत उंचवटा म्हणजे मूळ साच्यावर खाच,
एवढं माझ्याकडचं शिकाऊ पोरगंही सांगेल.
कानामागच्या बेचक्यात दात खरवडायचं हत्यार घातलं
आणि पांढऱ्या कागदावर पडली
चिमूटभर लाल माती.

भाजलेली.

कंपनीच्या जुन्या वहीत एक ओळ सापडली:
उल्हास च्यारी, टोपी, एक नग, रुपये साडेतीनशे, बाकी.
बाकीच्या पुढे काही नाही.
हा नरकासुरांचे चेहरे करायचा, ताळगावपासून सांताक्रूझपर्यंत.
त्याच्या मुलाला विचारलं,
बाबांच्या हातचं काही राहिलंय का घरात?
तो पायरीवर बसून पंक्चर काढत होता. मान वर न करता म्हणाला,
उज्याक विचार.

मी गाडीतून हेल्मेट आणलं.
त्याने हात पुसले, तरी लगेच धरलं नाही.
मग आतून बोटं फिरवली, एकदाच, आणि थांबला.
"त्या वर्षी चवथीला आमचं घुमट नाहीसं झालं होतं.
आरतीला डालडाचा डबा वाजवला.
आई दोन दिवस बोलली नाही त्यांच्याशी."

म्हणजे घुमटावर थर चढवले, वाळू दिले,
आणि आतलं घुमट हातोडीने फोडून काढलं.
कप्तानाच्या डोक्याएवढी पोकळी उरली.

तसंच दुसरं करावं म्हणून डिचोलीला गेलो.
शेवंती कुंभारणीने न विचारता हात आत घातला.
तीन बोटं कडांवर बसली, चौथं अडखळलं.
"सासूचा हात," ती म्हणाली,
"करंगळीला नखुरडं झालं की अशीच ओढायची."
मी घुमट मागितलं. नाद कसा हवा, तिने विचारलं.
मी खरं ते सांगितलं. फोडायचंय.
तिने हातातलं घुमट परत भट्टीशेजारी ठेवलं
आणि चहाचं विचारलं.

तर दुसरं अजून झालेलं नाही.
हेल्मेट माझ्या टेबलावर आहे, कवळ्यांच्या रांगेत.
एका रात्री दुकान बंद करून डोक्यात घातलं.
मंगळ वगैरे काही नाही. स्वतःचा श्वास,
आणि कपाळाला एका बाईची बोटं,
त्यातलं एक दुखरं.

साडेतीनशे कुणाकडे द्यायचे,
ते च्यारीच्या मुलाला विचारायचं राहिलंय.