उघडं भांडं

ब्रुसेल्सला गेले होते नऊ दिवसांसाठी.
रजेच्या अर्जात लिहिलं : कौटुंबिक कारण.
कुटुंबात मी एकटीच, त्यामुळे खोटंही नव्हतं.

अकरा वर्षं झाली, सावरगावच्या वायनरीत
मी सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट मोजते.
पाकिटातलं, परदेशी, शिस्तीचं,
सांगितल्या दिवशी जागं होतं
आणि साखर संपली की गुमान तळाशी बसतं.
मग कुणीतरी म्हणालं, तिकडे एक बिअर आहे,
जिच्यात कुणी काहीच घालत नाही.

म्हणून गेले.

स्टेशनमागची गल्ली, टायरची दुकानं,
पाटी एवढीशी की दोनदा पुढे निघून गेले.
माळ्यावर तांब्याचं भांडं, खोलीएवढं, उथळ.
गहू नि सातूचं उकळलेलं पाणी
त्यात रात्रभर निवत ठेवतात, झडपा उघड्या टाकून.
गावची हवा येते, बसते, कामाला लागते.
जळमटं काढत नाहीत.
कोळी माश्या खातात, म्हातारा यूस्त म्हणाला,
आणि पगारवाढ मागत नाहीत.

पहिला घोट : कैरी, ओलं गोणपाट,
बऱ्याच वर्षांनी उघडलेली पेटी.
दुसऱ्या घोटाला तोंड तसंच वाकडं.
तिसऱ्याला विचारलं, ही दुसऱ्या गावात का नाही करत?
केली होती. झाली नाही.
इथे नदी आहे, म्हणाला.
कुठे?
त्यानं बुटाची टाच दोनदा जमिनीवर आपटली.
वरून रस्ता घातला, पणजोबाच्या आधी.
हवा अजून तिचीच आहे.

मला सराफ बाजार आठवला.
खालून सरस्वती जाते, जिला आम्ही नाला म्हणतो
आणि पाणी दुकानात शिरलं
की त्या दिवसापुरती नदी.

जानेवारीत निफाडचा पारा साडेपाचवर.
पेपरात फोटो, द्राक्षबागेत पेटवलेल्या शेकोट्या.
मी गंगापूर रोडच्या गच्चीवर
आईचं पुरणाचं पातेलं ठेवलं, झाकण न घालता.
शेजारच्या गच्चीवरून क्षेमकल्याणी वहिनी :
काय वाळत घातलंय?
निवत घातलंय.
बरं, म्हणाल्या, मांजराकडे बघा.

रात्रभर वारा होता.
त्यातून काय काय आलं असेल ते आलं :
सातपूरच्या कारखान्यांचा तेलकट वास,
बागांवर धुरळलेलं गंधक,
कुणाच्या तरी मिसळीचा काळा मसाला,
आणि वारा तिकडून असेल तर अमरधामचा धूरही.
हे शेवटचं मी कुणाला सांगितलं नाही.

तीन दिवस काही नाही.
चौथ्या दिवशी काठाला फेसाची बारीक किनार.
एक थेंब काचेवर घेतला.
लांबुडके, गोल, आणि लिंबाच्या आकाराचे ते,
ज्यांची नुसती शंका आली तरी
आम्ही अख्खी टाकी धुऊन काढतो.
किती दिमाखात फिरत होते!
मी मोजायला घेतलं, आणि सोडून दिलं.

एक बाटली एप्रिलात फुटली, रात्री दोन वाजता.
(वहिनींना सांगितलं, लोणच्याची बरणी.)
दुसरी दिवाळीनंतर उघडली,
आमच्या टाक्या धुणाऱ्या थेट्यांना बोलावून,
कारण ज्यांना आयुष्यभर घालवलं
त्यांची चव तेच सांगतील.

थेट्यांनी घोट घेतला, डोळे बारीक केले.
बराच वेळ गिळला नाही.
मग म्हणाले,
मॅडम, वाईट आहे.
पण आपल्याकडचंच आहे.
आणि ग्लास पुढे केला.

यूस्तला पत्र लिहायचं राहिलंय.
काय लिहू? झाली? नाही झाली?
थंडी पुन्हा पडायला लागली आहे.
काल वहिनींनी विचारलं,
यंदा कधी निववणार?
माझं पातेलं मोठं आहे.