उचलायला हवा

कुताईसीच्या बाजारात, चीजवाल्या बायकांच्या पलीकडे
माझा ठेला, रुंदी सव्वा मीटर.
फुटक्या काचांवर पोट चालतं.

ऑक्टोबरात त्सियाला आली, राचाच्या डोंगरातून,
रुमालात गुंडाळलेला बटणांचा फोन घेऊन.
पाचचा आकडा पुसलेला,
पाठीचं झाकण रबराने आवळलेलं.
म्हटलं, दोन लारी येतील, तेही तुमच्याकडे बघून.
"विकायला नाही आणला.
वाजायला नको याने. आपणहून उचलायला हवा."

पलीकडे कोण असेल?
"कोणी नाही," म्हणाली. मग, "आहेत. दहाएक हजार."

नवरा वसंतात गेला. पेट्या त्याच्या.
हिवाळाभर ही लेकीकडे, सातव्या मजल्यावर, गुडघ्यांपायी,
आणि थंडीत पेटी उघडायची नसते:
ऊब गेली की माश्या गेल्या.

हेडफोनची वायर खुपसली की
हे जुने फोन दुसऱ्या रिंगला स्वतःच उचलतात,
मी विसरूनच गेलो होतो.
एक कान कापला, माइकला जुन्या मोज्याची जाळी बांधली,
स्कूटरच्या बॅटरीला जोडून दिला.
पैसे घेतले. थोडे कमी घेतले.

फेब्रुवारीत ती भाजी घ्यायला आली तेव्हा
ठेल्यावर थांबून तिने नंबर लावला.
पडद्यावर नाव: ओतिया.
मी बघितलं, तिने बघितलं मी बघताना.
"नंबर त्याचाच. नाव कशाला बदलू?"
दोन रिंग. मग उचलला.
शेजारच्या खोलीत फ्रीज चालू असावा
तसं काहीतरी. मला तरी तसंच.
ती मात्र विचारत होती, बर्फ किती पडला,
आणि उत्तरासाठी थांबत होती,
माणूस थांबतो तेवढंच.

मार्चमध्ये फोन उचलला जाई, पण आवाज नाही.
माइक गेला असेल, मी म्हटलं. दुसरं काही म्हणवेना.
पहाटेच्या पहिल्या गाडीने ती गेली.

परतली ती एप्रिलात.
फोन टेबलावर ठेवला: अख्खा तपकिरी,
बटणं बुजलेली, जाळी दगडासारखी.
"जिवंत आहेत," म्हणाली. "भरपूर आहेत.
पेटीत उंदीर शिरला तर त्याला मारतात,
पण उचलून बाहेर नेता येत नाही,
मग झाडांच्या राळेने लिंपून टाकतात.
सडू नये म्हणून."

मी पातं घेतलं खरवडायला.
तिने माझं मनगट धरलं.
"हा राहू दे असाच. दुसरा दे एखादा जुना.
कार्ड तेवढं यातलं काढ."

कार्ड काढायला अर्धा तास लागला.
खणातल्या एक्केचाळीस मेलेल्या फोनांतून एक निवडला,
त्याला वायर लावली, जाळी बांधली.
आमच्या धंद्यातही राळ लागते, डाग देताना,
पण तिचा वास निराळा.

बोटांना तो वास अजून येतो.
गिऱ्हाईक विचारतं, कसलं अत्तर?
मी म्हणतो, सोल्डरचं.