पिकाचे नाव

अर्जात एक रकाना आहे: पिकाचे नाव.
मी लिहिलं, गाद, चिला, देवधान, परसूड.
सिव्हिल लाईन्सच्या कचेरीतला बाबू
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाला,
हे तर गवत आहे, ताई.

गवतच आहे, साहेब.
आम्ही अकरा जणींनी गुडघाभर चिखलात उभं राहून रोवलेलं,
पारबताबाई नान्हे सांगेल तसं:
परसूड काठाला, चिला खोलात,
बेशरम दिसली की मुळासकट उपटायची.
तीन वर्षं गेली.
मग बोटरी परतली, पाठोपाठ दाडक,
आणि मरळ,
जिला आम्ही हिशेबातूनच काढून टाकलं होतं.

कुहीकडच्या शेतांना आता झटक्याच्या तारा आहेत.
तिथून हुसकलेली डुकरं
ओलीच्या वासावर तलावात उतरली.
सकाळी काठ असा,
जसं कोणी आडवं-उभं नांगरलं
आणि पेरायचं विसरून गेलं.
कंद खाल्लेले. शिंपले फोडलेले.
पाणी दुधाच्या चहासारखं.
हा गाळ अंड्यांवर बसतो, साहेब.
अंडं गुदमरताना आवाज होत नाही,
म्हणून पंचनामाही होत नाही.

बाबूनं विचारलं, तलाव कोणाचा?
पाणी पाटबंधाऱ्याचं, म्हटलं.
लीज सोसायटीची.
डुकरं वनखात्याची.
चिखल तेवढा आमचा.

पारबताबाईनं अर्जाची वाट पाहिली नाही.
"लुगडे आना वं सप्पाई, जुने, भडक.
हालत्या कापडाले डुक्कर भेते."
बाभळीच्या खुंटांना आम्ही दोनशे हात काठ गुंडाळला.
कोणाचं लग्नातलं जांभळं,
कोणाचं बारशाचं,
आणि निवडणुकीत वाटलेली बारा, अगदी एकसारखी.

आईचं हिरवं मी दिलं नाही.
उंदरांनी खाल्लं, म्हटलं.

फट राहिली बरोबर एका लुगड्याएवढी.
आठव्या रात्री तिथूनच मादी आली,
मागे सहा पिल्लं, पाठीवर पट्टे,
जणू कोणी बोटांनी ओढलेले.
मी माचीवर. डबा मांडीत, काठी हातात.
ती नाकानं चिखल उलटायची,
बाजूला सरायची,
मग पिल्लं खायची.
किती वेळ मी वाजवलं नाही
ते सोसायटीच्या वहीत लिहिलेलं नाही.
मग वाजवलं. हात दुखेस्तोवर.

उजाडता उजाडता पेटी उघडली.

आषाढात डोंगा वळवताना
परसुडाच्या आडोशाला पाणी तांबडं उकळताना दिसलं:
मरळीची पिल्लं, हजारभर, एकाच गोळ्यात,
आणि खाली ती, काळी, न हलणारी.
मी बोट बुडवलं.
कडकडून चावली.

पारबताबाईचं लक्ष माशाकडे नव्हतंच.
खुंटावरचा हिरवा पदर
तिनं दोन बोटांत धरून पाहिला,
जरीसुद्धा शाबूत.
"तुहा उंदीर," म्हणाली,
"मोठा गुनाचा वं."