चाळीसास एक

सोमवार. उद्यमनगर बंद, शटरांवर नुसतं ऊन.
शिरोलीहून फोन आला :
प्रेसची बॉडी अडकलीय, गुडघाभर उंचीवर,
वर जाईना, खाली येईना.
मी पान्यांची पिशवी घेतली.
बाबालाल शिकलगारांनी एकच स्क्रू-ड्रायव्हर घेतला, लांब दांड्याचा,
आणि पंचगंगेचा पूल मागं पडेपर्यंत
स्कूटरवर माझ्यामागं गप्प बसून राहिले.

फाउंड्रीत काळी वाळू. भट्टी गार.
मधोमध दोन टन बीड
एका हुकाला, काल दिवस मावळल्यापासून.
त्याच्या खालून एक मांजर निवांत निघून गेलं.
सुपरवायझर कुरणे म्हणाले, "रातभर डोळा न्हाई लागला.
ह्याला धरलंय तरी कुणी?"

पेटीत एक पोलादी मळसूत्र आहे, करंगळीहून थोडं लांब.
त्याला बिलगून ब्रॉन्झचं चाक, चाळीस दात्यांचं.
मळसूत्र चाळीसदा फिरतं
तेव्हा चाक एकदा.
उलटं मात्र होत नाही.
वजनानं कितीही ओढावं, कण्हावं,
चाकाला मळसूत्र फिरवता येत नाही.
त्यानंच धरलंय, कुरणेसाहेब.
रात्रभर, कुणी न सांगता.

आम्ही खाली लाकडी ठोकळे रचले.
बाबालालनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पेटीला लावलं, मूठ कानाला.
"ओढ."
हातभर साखळी, नखभर उतार.
"थांब."
हातभर साखळी.
"थांब म्हटलं की."
आत काहीतरी कटकन बोललं, मला नाही ऐकू आलं,
त्यांच्या भुवईला आलं.
"आता ओढ. सावकाश. ते घाबरलंय."

आयटीआयला टर्नरच्या वर्गात चाळीस पोरं आणि मी.
पहिल्या दिवशी ह्यांच्या दुकानात आले
तेव्हा ह्यांनी नाव विचारलं नाही,
हातात साखळी दिली : "शंभर किलो उचल."
उचलले. हसले मी.
"हसू नको. फुकट न्हाई मिळालं.
जोर उसना घेतलास, येळ मोजून दिलास.
ह्या धंद्यात एवढंच हाय,
बाकी सगळं ग्रीस."

दुपारी दोनला बॉडी ठोकळ्यांवर टेकली.
पेटी उघडली : तेलात सोनेरी भुगा,
आणि दाते
चाटून चाटून झिजलेल्या चमच्याच्या कडेसारखे.
मळसूत्र तसंच, नव्यासारखं, चकचकीत.
"ब्रॉन्झ महाग, पोलाद स्वस्त," बाबालाल म्हणाले,
"तरी झिजायचं ब्रॉन्झनंच."
का?
"मऊ हाय म्हणून."
हे ठरवलं कुणी?
"ड्रॉइंग काढणाऱ्यानं," असं म्हणून
त्यांनी भुगा बोटानं उचलला, उन्हात धरला,
आणि मग पँटलाच पुसला.

येताना मी दोनदा विचारलं, चहा घेऊ या का.
मागून एक ट्रक कर्कश्श ओरडत गेला,
त्यांनी मान वळवली नाही.
तिसऱ्यांदा खांद्यावरून ओरडून विचारलं.
"काय म्हणालीस?"

मंगळवारी मिलिंगवर नवं चाक.
इंडेक्सिंग हेडचं हँडल पुरी एक फेरी, एक दाता.
पुरी एक फेरी, दुसरा.
त्या हेडच्या पोटातही हेच जोडपं बसलंय,
मळसूत्र आणि चाळीस दाते,
कुठल्यातरी दुसऱ्या हेडवर कापलेले,
ते आणखी कुठल्यातरी.
पहिलं चाक कशावर कापलं असेल?
"कानसीनं," बाबालाल म्हणाले. "कुणीतरी, रडत."

एकोणचाळिसाव्याला माझा श्वास अडकला.
शेवटची फेरी, आणि कटर
पहिल्या दात्याच्या अंगणात बरोबर उतरला,
केसाचा फरक नाही.

बुधवारी शिरोलीत साखळी माझ्या हातात.
बाबालालनी टोक पेटीला लावलं, मूठ कानाला,
क्षणभर थांबले,
मग मूठ माझ्याकडं धरली.
"तू ऐक. ओढतो मी."

कान टेकवला.
हातभर साखळी. नखभर वर.
आत, अगदी खोल,
कुणीतरी शांतपणे
चाळीस मोजत होतं.